घाट उतरणारी जुनी जीप आणि तिचा मास्टर सिलिंडर

जव्हारहून विक्रमगडकडे उतरताना किंवा त्र्यंबकहून तोरंगण घाटाने मोखाड्याकडे येताना जुन्या जीपच्या मालकाचा सारा जीव ब्रेकवरच्या पायात असतो. मागे नाचणी-वरईची पोती, शेजारी घरची माणसे आणि पुढे वळण! म्हणून काहीजण पुढच्या चाकांना ड्रमऐवजी डिस्क ब्रेक बसवतात. बेत चांगला आहे. पण मास्टर सिलिंडर चुकला, तर खर्च वाया जातो आणि धोका वाढतो.

मास्टर सिलिंडर म्हणजे पायाचा जोर ब्रेक ऑइलवाटे चाकांपर्यंत पोचवणारा पंप. तो जितका जाड तितका ब्रेक जोरदार, हा समज चुकीचा आहे. गुरांना टोचायच्या दोन पिचकाऱ्या घ्या, एक जाड, एक बारीक. सारख्याच जोराने दाबल्या, तर बारीक पिचकारीत दाब जास्त होतो. पण तेवढेच औषध बाहेर काढायला दट्ट्या अधिक लांब सारावा लागतो.

सिलिंडरचेही तसेच आहे. १ इंच बोअरऐवजी पाऊण इंची सिलिंडर लावला, तर त्याच जोरात सुमारे पावणेदोन पट दाब मिळतो. पण पॅडलही तितकेच जास्त खाली जाते. कॅलिपरच्या मोठ्या पिस्टनांना ऑइल पुरले नाही, तर ब्रेक लागण्याआधीच पॅडल तळाला टेकेल. उलट बोअर फार जाड असेल, तर पॅडल दगडासारखे लागेल आणि गाडी मात्र नीट थांबणार नाही.

तेव्हा आधी कॅलिपर ठरवा. ते ज्या गाडीचे असतील, तिच्या सिलिंडरचे माप पाहूनच मिस्त्रीशी बोला. सिलिंडर दुहेरी घ्या. एक नळी फुटली तरी दोन चाकांचा ब्रेक शाबूत राहतो. ड्रमच्या सिलिंडरमध्ये नळीत थोडा दाब धरून ठेवणारी झडप असते. ती डिस्कच्या नळीवर राहिली, तर ब्रेक घासत राहून तापतो.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. असे जुने ऑइल घाटात तापून उकळते, वाफ धरते आणि पॅडल एकदम खाली बसते. म्हणून ते वेळेवर बदला. त्याऐवजी इंजिन ऑइल कधीही घालू नका. रबरी वॉशर फुगतात.

असा बदल करण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारून घ्या. काम झाल्यावर पहिली चाचणी सपाट, मोकळ्या जागेत, रिकाम्या गाडीने करा. आणि ब्रेक कितीही चांगला असो, घाट खालच्या गिअरमध्येच उतरा.