दगडीपाल्याला वंशावळ नको, कसोटी हवी

बांधावर, रस्त्याच्या कडेला, भिंतीच्या फटीत, दगडीपाला महाराष्ट्रात कुठेही उगवतो. लांब देठावर एकच फूल, मध्ये पिवळे, कडेला मोजक्या पांढुरक्या पाकळ्या. ही वनस्पती सूर्यफुलाच्या कुळातली असल्याने ते एक फूल म्हणजे खरे तर चिमुकल्या फुलांचा गुच्छ असतो. खुरपताना बोट कापले की हा पाला चुरगाळून रस जखमेवर पिळायचा, ही रीत खेड्यांत सर्रास आढळते आणि आपण तिला पूर्वापार म्हणून मोकळे होतो. पण दगडीपाला, म्हणजेच ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स, ही वनस्पती मूळची अमेरिका खंडाच्या उष्ण भागातली. चरक-सुश्रुतांना ती ठाऊक असणे शक्य नाही. तिचा इथला वापर फार तर काही शतकांचा आहे. कुठे कुठे ती माक्याऐवजी वापरली जाते, तेव्हा माक्याचे ग्रंथोक्त गुणही तिला आयतेच चिकटतात. ही उसनी वंशावळ काढून टाकली, तरच तिचे खरे मोल कळेल. परक्या तणाची पारख करून लोकांनी ते उपयोगात आणले, म्हणजे लोकवैद्यक हे चालू असलेले निरीक्षण आहे. आणि निरीक्षणाला पुढची कसोटी लागतेच.

यावर कोणी म्हणेल, मेक्सिको-ग्वाटेमालातही ही औषधी मानतात. कदाचित ज्ञान वनस्पतीबरोबरच आले असेल. तसे असले तरी ते प्राचीन भारतीय ठरत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: कोणताही पाला दाबून धरला तरी रक्त थांबते, कारण लहान जखमेत दाब आणि शरीराची गोठणक्रिया पुरेशी असते. याच्या उलट, गेल्या शतकाच्या अखेरीस भारतात उंदरांवर झालेल्या प्रयोगांत, डेक्सामेथासोन या औषधामुळे मंदावलेल्या जखमभरणीवर या वनस्पतीच्या अर्काचा अनुकूल परिणाम दिसला. तो पुरावा दखल घेण्याजोगा आहे. मात्र उंदराला दिलेला मोजका अर्क आणि शेतात चुरगाळलेला पाला यांना एकच समजता येणार नाही. शिवाय मातीत धनुर्वाताचे बीजाणू असतात, न धुतलेल्या पाल्याबरोबर ते जखमेत जाऊ शकतात.

म्हणून तुलना नेमकी हवी. सारख्या जखमा, सारखा दाब. एका गटाला स्वच्छ पट्टी, दुसऱ्याला निर्जंतुक अर्क लावलेली पट्टी. फरक पडला तर औषध हाती येईल, नाही पडला तर भ्रम सुटेल. तोवर जखम स्वच्छ पाण्याने धुणे, दाबून धरणे आणि धनुर्वाताची लस घेणे, हाच शहाणपणा.