निवासी शाळेतील शिक्षकाचे सुखदुःख

अकरा ते पाच काम, वर्षाला दोन मोठ्या सुट्ट्या आणि महिनाअखेर ठरलेला पगार, असे शिक्षकी पेशाचे चित्र समाजात आजही दृढ आहे. आमच्या माजी विद्यार्थ्यांचा असा गैरसमज नाही. कारण पहाटेच्या वंदनेला आणि रात्रीच्या अभ्यासिकेत त्यांनी आम्हांलाच पाहिलेले आहे. परंतु पालकांना व समाजबांधवांना या पेशाचे अंतरंग कळावे, म्हणून स्मरणिकेच्या निमित्ताने हा प्रपंच.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे सादर केलेले निवेदन सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाच्या मागणीसाठी सर्वज्ञात आहे. त्यात शिक्षकाविषयी काय म्हटले आहे, याकडे मात्र फारसे कुणाचे लक्ष जात नाही. शिक्षकाचे वेतन दरमहा १२ रुपयांपेक्षा कमी नसावे, मोठ्या गावांत ते १५ किंवा २० असावे, असे जोतीरावांनी आकडे देऊन मांडले. शिक्षक कष्टकरी शेतकरी वर्गातून यावेत. कारण मुलांत मोकळेपणाने मिसळून त्यांच्या गरजा ओळखणे त्यांनाच जमेल, सोवळे सांभाळून दूर राहणाऱ्याला नव्हे, हेही त्यांनी स्पष्ट केले. गावचे हिशेब तपासणे, दस्तनोंदणी, टपाल, मुद्रांकविक्री अशी कामे शिक्षकाकडे सोपविल्यास त्याचे गावातील स्थान उंचावेल, अशी त्यांची आणखी एक सूचना होती. शिक्षकाची प्रतिष्ठा हा शिक्षकाचा खासगी प्रश्न नसून मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न आहे, ही जाण या साऱ्यामागे होती.

आज या तीन गोष्टींचे काय झाले आहे? जादा कामे भरपूर आली, त्यातून स्थान उंचावण्याचे मात्र राहून गेले. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांखेरीज अन्य अशैक्षणिक कामास शिक्षकाला जुंपता येत नाही. प्रत्यक्षात संगणकावर भरावयाची माहिती, आधार पडताळणी आणि तातडीने मागविलेले अहवाल यांना अंत नसतो, आणि त्या वेळी वर्गातील फळा कोरा असतो.

वेतनाची कथा निराळी नाही. नवा शिक्षक प्रथम तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून मानधनावर राबतो. हे मानधन कित्येक वर्षे प्राथमिकला ६ हजार आणि माध्यमिकला ८ हजार रुपये होते. २०२३ मध्ये ते अनुक्रमे १६ व १८ हजार झाले. १ नोव्हेंबर २००५ नंतर सेवेत आलेल्यांना जुने निवृत्तिवेतन लागू नाही. विनाअनुदानित तुकडीवर उमेदीची वर्षे घालविलेले, सुट्टीत शेतमजुरीला जाणारे पदवीधर आम्ही जवळून पाहिले आहेत. त्यांच्याविषयी समाजात फारसे बोलले जात नाही.

जोतीरावांची दुसरी अपेक्षा, शिक्षक आपल्यांतून यावा ही, आमच्या वाट्याला अधिक कडूगोड होऊन आली. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वतः शिक्षकाचे पुत्र. सुभेदार रामजी लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. परदेशातील उच्च शिक्षण घेऊन १९१८ मध्ये बाबासाहेब सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले, तेव्हा त्यांनी प्राध्यापकांसाठीच्या भांड्यातील पाणी पिण्यास काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. नागपूरच्या जाईबाई चौधरी यांना, त्या अस्पृश्य असल्याचे कळताच पालकांनी मुले काढून घेतल्यामुळे, मिशनच्या शाळेतील नोकरी सोडावी लागली. त्यांनी पुढे १९२२ मध्ये चोखामेळा कन्या पाठशाळा काढली. आमच्या पिढीला पाण्याचे भांडे कुणी नाकारले नाही. परंतु नेमणुकीच्या गावी भाड्याची खोली शोधताना आधी आडनाव विचारले जाते आणि मग खोली एकाएकी 'पाहुण्यांसाठी' राखीव ठरते, हा अनुभव आमच्यापैकी अनेकांना आहे.

पण ज्याने झोप उडते ते दुःख पगाराचे नाही की आडनावाचे नाही. ते दिवाळीनंतर येते.

आमचे बहुसंख्य पालक ऊसतोडीला जातात. दसरा सरला की मुकादमाची उचल घेतलेली बिऱ्हाडे साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. पती-पत्नी मिळून एक कोयता, असा तेथला हिशेब असतो. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलेल्या मुलाला 'या वर्षी धाकट्याला सांभाळ' म्हणून सोबत नेले जाते आणि आमच्या हजेरीपटात त्याच्या नावापुढे गैरहजेरीची ओळ सुरू होते. पटसंख्येवर संचमान्यता अवलंबून असल्याने पट घसरला की एखादा शिक्षक अतिरिक्त ठरतो. शाळा मुलांना शोधत फिरते ती पद वाचविण्यासाठी, असे त्यामुळे म्हटले जाते. त्यात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही, पण ते अर्धेच सत्य आहे.

मुलींच्या बाबतीत प्रश्न अधिक बिकट होतो. फडात वयात आलेली मुलगी कुणाच्या भरवशावर ठेवायची, ही आईबापांची भीती खरी असते. लग्न लावले की नवा कोयता तयार होतो, हे व्यवहाराचे गणितही असते. नववीतील मुलगी सुट्टीनंतर आली नाही, तर तिच्या वस्तीवर जावेच लागते. आईबापांशी बोलणे, ज्येष्ठांना मध्ये घालणे आणि काहीच न जमल्यास १०९८ या बालसाहाय्य क्रमांकावर कळविणे, एवढेच शिक्षकाच्या हाती असते. लग्न थांबले तर मुलगी पुन्हा बाकावर बसते. परंतु सारी भावकी शाळेवर रुसते आणि पुढच्या जूनमध्ये त्या वस्तीवरून एकही मुलगी प्रवेशाला येत नाही, असेही घडते. एकीला वाचविताना आणखी चौघींचे दार बंद झाले की काय, हा विचार शिक्षकाला एकट्यानेच वाहावा लागतो. तरीही कळवावेच, असे आमचे मत आहे.

सुखाविषयी लिहिताना आम्हांला निकालाच्या टक्केवारीपेक्षा दुसरेच काही आठवते. सहावी-सातवीतला मुलगा सुट्टीत फडावर जातो, मुकादमाच्या वहीतील वडिलांची उचल, खाडे आणि उसाच्या खेपा वाचतो, आणि बेरीज जुळत नाही असे सर्वांसमक्ष म्हणतो. बाप आधी घाबरतो. नंतर सुट्टी संपण्याआधीच मुलाला स्वतः शाळेत आणून सोडतो, आणि जाताना आम्हांला 'गुरुजी, याला ठेवून घ्या' एवढेच म्हणतो. शासनाच्या आदर्श पुरस्काराने याहून अधिक काय मिळते, ते पुरस्कारप्राप्त सहकाऱ्यांनाच ठाऊक.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत भिवाचे नाव दाखल झाले. तो दिवस राज्यात २०१७ पासून विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. तो बहुधा दिवाळीच्या आसपास येतो, म्हणजे नेमका आमच्या गळतीच्या दिवसांत. माजी विद्यार्थ्यांनी त्या सुमारास आपल्या वस्तीवर एक फेरी मारावी. ज्या घराला कुलूप दिसेल, त्या घरातील मुलांची नावे कार्यालयात कळवावीत. आणि फडावरून मूल आणण्यासाठी गाडी घेऊन येणारा कुणी असेल, तर तेही कळवावे.