पॅरलल पोर्टवरचं कुलूप

१४ ऑक्टोबर २०२५ला, ऐन दिवाळीच्या तोंडावर, विंडोज १०चा सपोर्ट संपला. आमच्याकडे दोन दिवाळी अंकांची पानं अजून प्रेसला जायची होती. भाच्याने संगणकावर काहीतरी तपासलं आणि ऑपरेशन थिएटरमधून बाहेर आलेल्या डॉक्टरच्या आवाजात म्हणाला, "मामा, ह्याच्यावर अकरा चढणार नाही. प्रोसेसर जुना आहे." यंत्र नऊ वर्षांचं. दुखत-खुपत काही नाही. तरी बदला.

त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला विंडोज एक्सपीचा खोका घरघरत होता. त्याचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४लाच संपलाय. पण त्याला नेटची वायरच जोडलेली नाही, त्यामुळे तो मेलाय हे त्याला कुणी कळवलेलं नाही. रोज सकाळी दहाला सुरू होतो, पेजमेकर उघडतो, कामाला लागतो.

डीटीपीच्या धंद्यात मला तीसेक वर्षं झाली. त्यातली शेवटची पंधरा सांगण्यासारखी नाहीत. पीडीएफ आली, पीडीएफ गेली, जीएसटी भरला. खरा जमाना १९९६ ते २००६. तेव्हा अप्पा बळवंत चौकाच्या आसपास वाड्यावाड्यांत, जिन्याखाली, माळ्यावर आम्ही डीटीपीवाले बसलेलो असायचो. पेजमेकर मूळचं आल्डसचं, १९८५चं. १९९४मध्ये अडोबीने आख्खी आल्डसच घेतली आणि २००१ साली ७.० काढून त्या सॉफ्टवेअरवर पाणी सोडलं. मराठीसाठी सीडॅकचं आयएसएम होतं, मॉड्युलरची श्रीलिपी होती; दोन्ही पुण्याचीच.

ते फाँट म्हणजे बहुरूपी. संगणकाला वाटायचं, हा माणूस इंग्रजी टाइप करतोय. पडद्यावर मात्र त्या जागी कुठे काना, कुठे रफार, कुठे अर्धा श. फाँट नसलेल्या संगणकावर तीच फाइल उघडली की ज्ञानेश्वरीचं निरूपणसुद्धा टिंबं-टोप्या घातलेल्या परक्या अक्षरांचा कचरा दिसायचं.

आम्ही घेतलेल्या पॅकेजला कुलूप होतं. काडेपेटीएवढं डोंगल संगणकाच्या पाठीमागे पॅरलल पोर्टला लावायचं, त्याच्या पाठीवर प्रिंटरची केबल. ते नसेल तर मराठी बंद. एकदा केबल ओढताना त्याची पिन वाकली. विक्रेत्याने नव्या पॅकेजची पूर्ण किंमत वाजवून घेतली. जागेचं दोन महिन्यांचं भाडं गेलं. त्याचं दुकान पुढे बंद पडलं. मला वाईट वाटलं नाही. नव्या संगणकांना ते पोर्टच नसतं, म्हणून खोका अजून टेबलावर आहे.

प्लेट करायची तर पान ट्रेसिंग पेपरवर उलटं छापायचं, आरशात दिसतं तसं, म्हणजे टोनरची बाजू नीट प्लेटला लागते. शेवटची नजर टाकायला आम्ही सगळे तो कागद फिरवून ट्यूबलाइटसमोर धरायचो. काका नाही धरायचे. त्यांनी चाळीस वर्षं खिळे जुळवलेले, आणि खिळ्यावरचं अक्षर उलटंच असतं. त्यांच्या छापखान्याने खिळे किलोवर मोडीत घातले तेव्हा ते आमच्याकडे प्रुफं वाचायला आले. आज अपडेटच्या नावाने मी बोटं मोडतो, पण काकांच्या वेळी ते अपडेट आम्हीच होतो.

एका रात्री चरित्राचा शेवटचा फर्मा निघत होता. मुलगा ट्रेसिंग गुंडाळतोय, आणि काका चहाची बशी खाली ठेवून म्हणाले, "थोरांचे वासर?" प्रकरणाचं शीर्षक होतं 'थोरांचे वारस'. सुलट्या प्रुफावर ते आम्ही तिघांनी तीनदा वाचलं होतं. त्यांनी ते उलटं, चार फुटांवरून धरलं.

त्या पुस्तकाचे प्रकाशक आम्हाला 'टायपिंगवाले' म्हणायचे आणि पानामागचे पैसे दोन-दोन दिवाळ्या थकवायचे. आता त्यांच्याकडची नवी मंडळी पुनर्मुद्रणासाठी फोन करतात: "वर्ड फाइल पाठवता का? युनिकोडमध्ये." पाठवतो. कन्व्हर्टरमधून काढली की ऱ्याचा र्या होतो आणि सह्याद्रीच्या दऱ्यांचा दर्या. मग खोक्यावर मूळ पान उघडायचं आणि शब्दाला शब्द ताडत बसायचं. ह्याचे पैसे मी आगाऊ घेतो.

ह्यात आमचाही दोष आहे. विंडोज २०००बरोबर मंगल फाँट आला, म्हणजे युनिकोड घरात आलं होतं. पण मंगल दिसायला ओबडधोबड, पेजमेकरला युनिकोड कळत नव्हतं, आणि आमचं पोट भरत होतं. आम्ही आणखी कित्येक वर्षं त्या कुलपाआड पुस्तकं कोंबत राहिलो.

आता प्लेट थेट संगणकावरून निघते. ट्रेसिंगचं शेवटचं पाकीट कपाटात पिवळं पडलंय. काका जाऊनही बरीच वर्षं झाली.

खोक्याच्या आतला बटनसेल संपलाय. त्यामुळे रोज सकाळी तो १ जानेवारी २००२ ही तारीख दाखवतो आणि एफ-१ दाबा म्हणतो. भाचा म्हणतो, "मामा, दोन मिनिटांचं काम आहे, सेल बदलून देतो." मी एफ-१ दाबतो.