रायपूरची कणी, डाकारचं ताट

भनपुरी, उरला, तिल्दा. रायपूरच्या या पट्ट्यात नोव्हेंबर लागला की धानाच्या ट्रकांच्या रांगा लागतात. उसना तांदूळ करायचा तर धान भिजवायचं, वाफवायचं, वाळवायचं आणि मग भरडायचं. बॉयलरला जळण त्याच धानाच्या भुशाचं. वाफेने दाणा टणक होतो, कमी तुटतो. म्हणून सरकारी भरडाईत उसन्यात 16 टक्क्यांपर्यंतच तुकडा चालतो. अरवा, म्हणजे न वाफवलेल्या तांदळात 25 टक्के. क्विंटलभर धानामागे मिलवाल्याने सरकारला अरवा 67 किंवा उसना 68 किलो परत करायचा, हा हिशेब इथल्या मुनीमजींना झोपेतही पाठ असतो. चाळणीखाली जे पडतं ती कणी. इथे तिला कनकी म्हणतात.

आपल्या घरात कणीची पेज होते, ती आजाऱ्यासाठी. उरलेली कोंबड्यांच्या खाद्यात जाते. डाकार ज्याची राजधानी, त्या पश्चिम आफ्रिकेतल्या सेनेगलमध्ये मात्र कणी म्हणजे रोजचं जेवण. मासे, भाज्या, टोमॅटो आणि तुकडा तांदूळ घालून शिजवलेला चेबु जेन हा त्यांचा पदार्थ 2021 मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत गेला. ही आवड आली कुठून? फ्रेंचांनी तिथल्या शेतकऱ्याला भुईमूग पिकवायला लावलं आणि पोटासाठी आपल्याच इंडोचायना वसाहतीतला स्वस्त तुकडा आणून ओतला. वसाहत गेली, चव राहिली. आज सेनेगल वर्षाला दहा लाख टनांहून जास्त तांदूळ बाहेरून आणतो. त्यातला बराचसा भारतातून जातो. रायपूरचा माल विशाखापट्टणम, काकीनाडा या बंदरांतून सुटतो.

आता दुसरी बाजू. मार्च 2004 मध्ये दिल्लीत ‘टीम-9’ नावाचा करार झाला. भारत आणि सेनेगल, माली, घाना, बुर्किना फासो यांसह आठ आफ्रिकी देश त्यात होते आणि 50 कोटी डॉलरच्या सवलतीच्या कर्जाची घोषणा झाली. भारताचं विकास सहकार्य बहुतेक याच वाटेने चालतं: मुंबईची एक्झिम बँक कर्ज देते, व्याजाचा भार दिल्ली उचलते, आणि साधारण 75 टक्के माल-सेवा भारतातूनच घ्यायची अट असते. सेनेगलला असं 2.7 कोटी डॉलरचं कर्ज सिंचनासाठी मिळालं आणि काम गेलं पुण्याच्या किर्लोस्कर ब्रदर्सकडे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये औंध संस्थानच्या माळरानावर कारखाना थाटला, नांगरापासून पंपापर्यंत मजल मारली. त्याच घराण्याचे पंप आता सेनेगल नदीचं पाणी भाताच्या खाचरांत चढवू लागले. मालीतल्या मनान्ताली आणि मुखाजवळच्या दियामा धरणांमुळे त्या नदीला बारमाही पाणी होतं. नव्हती ती उपशाची सोय.

पंप मिळाले, उत्पादन वाढलं, हे खरं. पण सेनेगल सरकारने 2017 पर्यंत भातात स्वयंपूर्ण होण्याचं ठरवलं होतं, ते साधलं नाही. कारणं अनेक: खत, कर्ज, भरडाईच्या जुनाट गिरण्या. त्यातलं एक आपल्या अंगणातलं आहे. छत्तीसगड सरकार 2023-24 पासून क्विंटलला 3100 रुपये देऊन एकरी 21 क्विंटल धान घेतं. 2024-25 मध्ये सुमारे 149 लाख टन घेतलं. हे धान सगळं निर्यातीला जात नाही, ते आधी रेशनच्या कोठारात जातं. पण देशभर अशी खरेदी झाली की बाजारात तांदूळ मुबलक राहतो आणि त्याच्या भरडाईतली कणी स्वस्त. भारताने 2018-19 साठी जागतिक व्यापार संघटनेत ‘पीस क्लॉज’चा, म्हणजे मर्यादा ओलांडली तरी तक्रारीपासून वाचवणाऱ्या तरतुदीचा, आधार घेतला, कारण तांदळावरचं अनुदान उत्पादनाच्या किमतीच्या 10 टक्क्यांच्या ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेलं होतं. छत्तीसगडच्या शेतकऱ्याला दाम मिळायलाच हवा, यात माझ्या मनात शंका नाही. तरी सेनेगलच्या शेतकऱ्याला आपण पंप उधारीवर द्यायचा आणि त्याच्या बाजारात स्वस्त कणीही उतरवायची, हा व्यवहार मजेदार आहे खरा.

आणि मग एके दिवशी नळच बंद. 8 सप्टेंबर 2022 ला कणीच्या निर्यातीवर बंदी आली. देशात पाऊस लहरी होता, कोंबड्यांच्या खाद्याचे आणि इथेनॉलसाठीच्या धान्याचे भाव चढले होते. वर्षभर आधी भारतीय कणीचं सर्वात मोठं गिऱ्हाईक डाकार नव्हतंच, चीन होतं, तेही जनावरांच्या खाद्यासाठी. 20 जुलै 2023 ला बासमती सोडून सगळा पांढरा तांदूळ बंद झाला, ऑगस्टमध्ये उसन्यावर 20 टक्के कर बसला. या काळात चालली ती अर्ज-विनंत्यांची वाट: सेनेगलला 2.5 लाख टन कणी, गाम्बियाला 50 हजार टन, कोत दिव्वार आणि गिनीला प्रत्येकी 1.42 लाख टन पांढरा तांदूळ, सरकार ते सरकार. गरीब देशांशी सहकार्याचा हा मोठा अध्याय असं दिल्लीत म्हटलं गेलं असेल. डाकारच्या दुकानदाराला मात्र पुढच्या महिन्यात पोतं मिळेल की नाही हेच कळत नव्हतं. माझ्या मते कर्जापेक्षा आधी सांगून घेतलेला निर्णय या देशांच्या जास्त कामी येतो, आणि त्याला एक पैसा लागत नाही.

बेनिनची गोष्ट तर निराळीच. कोतोनू बंदरात उतरणारा आपला उसना तांदूळ पुष्कळदा शेजारच्या नायजेरियात जातो, पण नायजेरियाने 2016 पासून जमिनीवरून तांदूळ आणायला बंदी घातली. म्हणून चोरवाटेने मोटारसायकलवर पोती जातात.

भारताची पांढऱ्या तांदळावरची बंदी सप्टेंबर 2024 मध्ये उठली, कणीवरची मार्च 2025 मध्ये. दरम्यान सरकारने गोदामातला तांदूळ इथेनॉल कारखान्यांना 22.50 रुपये किलोने द्यायला सुरुवात केली, 2024-25 साठी 52 लाख टनांपर्यंत. इथेनॉलला कणीही चालते, म्हणून मिलवाल्याच्या कणीला आता तीन गिऱ्हाइकं झाली: कोंबडीवाला, डिस्टिलरीवाला आणि डाकार. ज्याचा भाव चढेल, ट्रक त्याच्याकडे वळतो.