वर्तुळाबाहेरची माणसे

मे महिन्याच्या सुटीत गंजाडला घरी गेलो की आम्ही अंगणात निजतो. वरून विमानांचे दिवे सरकत असतात. घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. म्हणून आईने मलाच विचारले, यातले एखादे तारापूरच्या अणुभट्टीवर पडले तर काय होईल? हा प्रश्न जगभरचे तज्ज्ञही विचारीत आले आहेत. त्यांचे उत्तर समजून घेतले पाहिजे.

ते उत्तर गुणाकाराने काढतात. जवळच्या हवाई मार्गाने वर्षाला किती विमाने जातात, दर किलोमीटर उड्डाणामागे किती कोसळतात, मार्गाच्या रुंदीच्या मानाने इमारतीची जागा किती, यावरून अपघाताची शक्यता ठरते. किरणोत्सर्ग बाहेर पडेल अशा अपघाताची शक्यता वर्षाला साधारण एक कोटीत एक याहून कमी भरली, तर अमेरिकेच्या नियमाप्रमाणे आराखड्यात त्याचा वेगळा विचार करावा लागत नाही.

पण 11 सप्टेंबर 2001 रोजी न्यूयॉर्कमध्ये विमाने मुद्दाम आदळवली गेली. माणसाच्या हेतूला हा गुणाकार लागू पडत नाही. म्हणून 2009 मध्ये अमेरिकेने नव्या भट्ट्यांच्या आराखड्यात मोठ्या विमानाच्या आघाताचा विचार सक्तीचा केला. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या 1969 सालच्या आहेत.

भिंत फुटली तरच संकट, असेही नाही. भट्टी बंद केल्यावरही इंधनातून उष्णता निघत राहते. बंद होताच ती पूर्ण शक्तीच्या सहा-सात टक्के असते. ती वाहून नेण्यासाठी पाणी फिरते ठेवावे लागते. विमानातले तेल पेटून पंपांच्या तारा जळाल्या, वीज तुटली, तर भिंत शाबूत राहूनही इंधन वितळू शकते. 2011 मध्ये फुकुशिमात विमान पडले नव्हते. समुद्राच्या लाटेने वीज तोडली आणि तीन भट्ट्यांतले इंधन वितळले.

आपल्याकडे अणुकेंद्राभोवती 16 किलोमीटरपर्यंत आणीबाणीची योजना आखतात. गंजाड त्याबाहेर आहे. परंतु आमच्या पाड्यांवरची माणसे बोईसरच्या कारखान्यांत कामाला जातात. म्हणजे दिवसा वर्तुळात, रात्री बाहेर. त्यांना कोणत्या हिशेबात धरायचे? शिवाय वारा वर्तुळ पाहून वाहत नाही. फुकुशिमाजवळचे इटाते हे गाव बहुतांशी 30 किलोमीटरपलीकडे होते. तेही रिकामे करावे लागले.

शक्यता फार थोडी आहे, असे मी आईला सांगितले, आणि ते खरे आहे. मात्र विमानात बसणारा आपल्या मर्जीने तिकीट काढतो. पाड्यावरच्या माणसाला तो धोका कोणी विचारून दिलेला नाही. निदान भोंगा वाजला तर घरात थांबायचे की बाहेर पडायचे, कोणत्या रस्त्याने जायचे, गाडी कुठे येणार, हे त्याला मराठीत आणि वारलीत, त्याच्या पाड्यावर येऊन सांगितले गेले पाहिजे. ही मागणी करायला कोणाला पदवी लागत नाही.

आईने ऐकून घेतले. मग म्हणाली, "थोडी म्हणतोस, पण आम्हाला सांगायला कोण येणार, ते सांग."