कॅमेरा नवा, सॉफ्टवेअर जुनं: लग्नाचे फोटो उघडलेच नाहीत तर?

फोटोग्राफीच्या धंद्यावरच्या व्हिडिओत आपण कॅमेऱ्याच्या हप्त्याचं गणित मांडलं होतं. एक खर्च त्यात राहून गेला, तो आज इथे लिहितोय.

समजा, रहिमतपुरात तुमचा छोटा स्टुडिओ आहे. तुळशीचं लग्न लागलं की कोरेगाव, साताऱ्यापर्यंतच्या ऑर्डरी सुरू. सीझनच्या तोंडावर तुम्ही हप्त्यावर नवा मिररलेस कॅमेरा घेतला. पहिलं लग्न शूट केलं, सगळं रॉ फाइलमध्ये. रात्री कार्ड कॉम्प्युटरला लावलं, तर तुमचं जुनं फोटोशॉप फाइल उघडायलाच तयार नाही! हळदीपासून पाठवणीपर्यंत सगळं त्या कार्डात, आणि लग्न काय परत लावता येत नाही.

घाबरून कार्ड फॉरमॅट करू नका. फाइल बहुतेक वेळा चांगलीच असते, फक्त तुमच्या सॉफ्टवेअरला ती वाचता येत नाही. जेपेग म्हणजे शिजवलेलं जेवण, कुठेही वाढा. रॉ म्हणजे सेन्सरने टिपलेला कच्चा माल, आणि तो भरायची प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी. निकॉनची एनईएफ, सोनीची एआरडब्ल्यू. नाव तेच राहिलं तरी नव्या मॉडेलची माहिती सॉफ्टवेअरला नव्याने द्यावी लागते, ती अपडेटमधून येते.

कॅननचं उदाहरण घ्या. २०१८ मध्ये ईओएस एम५० बरोबर जुनी सीआर२ जाऊन सीआर३ फाइल आली. इकडे लाइटरूम ६, म्हणजे एकदाच पैसे भरून मिळणारं शेवटचं लाइटरूम, त्याला शेवटचा अपडेट डिसेंबर २०१७ चा. म्हणजे सीआर३ त्यात थेट उघडणारच नाही. आणि क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर वापरत असाल (कोण कोण वापरतं ते मला माहीत आहे!) तर त्याला अपडेट कुठून मिळणार?

मग अडकलेलं लग्न सोडवायचं कसं? अडोबीचं डीएनजी कन्व्हर्टर मोफत आहे. ते नव्या कॅमेऱ्याची रॉ फाइल डीएनजीमध्ये बदलतं, आणि सेटिंगमध्ये जुन्या कॅमेरा रॉ आवृत्तीशी जुळणारा पर्याय निवडला की जुन्या फोटोशॉपमध्येही ती उघडते. मात्र कन्व्हर्टर ताजं हवं, आणि ताजं कन्व्हर्टर विंडोज ७ वर चालत नाही. वेळ आणि जागाही धरा. एका लग्नाचे २,५०० फोटो, प्रत्येकी ३० एमबी, म्हणजे ७५ जीबी. मूळ फाइली ठेवायच्या तर डीएनजीची जागा वेगळी. दुसरी वाट कंपनीच्याच मोफत सॉफ्टवेअरची: कॅननचं डिजिटल फोटो प्रोफेशनल, निकॉनचं एनएक्स स्टुडिओ. त्यातून जेपेग काढून अल्बमवाल्याला देता येतात.

निकॉन झेड८, झेड९ वाल्यांनी एक लक्षात ठेवा. त्यात रॉसाठी 'हाय एफिशिएन्सी' असा पर्याय असतो. कार्डात जागा वाचते, पण बऱ्याच मोफत सॉफ्टवेअरना ती फाइल वाचता येत नाही. शंका असेल तर 'लॉसलेस' ठेवा.

पण हे सगळं नंतरचं झालं. खरेदीच्या दिवशी स्वतःचं कार्ड खिशात घालून दुकानात जा. तुम्हाला घ्यायच्या मॉडेलवर चार-पाच रॉ फोटो काढा, घरी येऊन आपल्याच कॉम्प्युटरवर उघडून बघा आणि मगच पैसे मोजा. दुकानदार कुरकुर करेल, करू दे. मॉडेलचं नाव तुमच्या सॉफ्टवेअरच्या कॅमेऱ्यांच्या यादीतही शोधा. यादीत नुसती कंपनी दिसून उपयोग नाही, नेमकं मॉडेल दिसलं पाहिजे.

नाही उघडलं तर सॉफ्टवेअरचं महिन्याचं भाडं, जास्तीची हार्ड डिस्क, कदाचित नवा कॉम्प्युटर, हे सगळं कॅमेऱ्याच्या किमतीत मिळवा आणि सीझनच्या ऑर्डरींवर वाटून कोटेशनमध्ये धरा. नव्या कॅमेऱ्याची पहिली दोन-तीन लग्नं रॉ आणि जेपेग दोन्हीवर शूट करा. कार्ड लवकर भरेल, एखादं जास्तीचं जवळ ठेवा.