दोन कंपन्यांची एक कंपनी

शाळेच्या फाटकाजवळ दोन पेरूवाले बसतात असे समजा. एकाने भाव वाढवला, तर तुम्ही दुसऱ्याकडे जाता. म्हणून दोघेही भाव बेताचाच ठेवतात. यालाच स्पर्धा म्हणतात. पण दोघांनी मिळून एकच गाडी लावली, तर तुम्ही कुठे जाणार?

विमान कंपन्यांचेही असेच आहे. दोन कंपन्या एक होतात, त्याला विलीनीकरण म्हणतात. १२ नोव्हेंबर २०२४ रोजी 'विस्तारा' ही कंपनी 'एअर इंडिया'त विलीन झाली. मुंबई-दिल्ली मार्गावर पूर्वी दोघींची विमाने वेगवेगळी उडत. या मार्गावर इतर कंपन्याही आहेत. त्यामुळे भाडे मनमानी वाढवता येत नाही. परंतु लहान विमानतळावरून एकाच कंपनीचे विमान सुटत असेल, तर प्रवाशाला निवड उरत नाही.

मग विलीनीकरण वाईटच का? तसे नाही. त्यामुळे खर्च वाचतो आणि तोट्यातली कंपनी तगू शकते. कंपनी बंद पडली, तरीही प्रवाशांचेच नुकसान होते. एप्रिल २०१९ मध्ये 'जेट एअरवेज'ची विमाने थांबली, तेव्हा अनेक मार्गांवर तिकिटे महागली.

म्हणूनच मोठ्या कंपन्यांना एकत्र येण्यापूर्वी 'भारतीय स्पर्धा आयोगा'ची परवानगी घ्यावी लागते. विस्ताराच्या विलीनीकरणाला आयोगाने २०२३ मध्ये काही अटींवर परवानगी दिली.

नाशिकचा एखादा तरुण दिल्लीत नोकरी करतो. ईदला तो विमानाने मुंबईपर्यंत येतो आणि तेथून रेल्वेने घरी पोहोचतो. तिकीट परवडले, तरच त्याची ईद घरच्यांबरोबर होते. स्पर्धा टिकली पाहिजे, ती अशा प्रवाशांसाठी.